भूक निम्मी झाली, पण कशाच्या निम्मी?

सहस्रक विकास उद्दिष्टांवर काम करणार असाल तर तक्त्यांच्या आधी लक्ष्याचं वाक्य वाचा. १९९६ मध्ये रोमच्या जागतिक अन्न शिखर परिषदेत ठरलं होतं की २०१५ पर्यंत भुकेल्यांची संख्या निम्मी करायची. सहस्रक उद्दिष्टांत त्याचं झालं ‘प्रमाण’ निम्मं, आणि मोजायचं १९९० पासून. लोकसंख्या वाढली की छेद वाढतो, म्हणजे एकही भुकेला कमी न होता प्रमाण घटू शकतं!

आता अन्न व कृषी संघटनेचे २०१५ चे आकडे बघा. विकसनशील देशांत अल्पपोषितांचं प्रमाण १९९०-९२ मधल्या २३.३ टक्क्यांवरून १२.९ वर आलं. लक्ष्य जवळपास गाठलं. माणसं मात्र सुमारे ९९ कोटींवरून ७८ कोटी. रोमच्या मापाने हे सरळ अपयश आहे. तत्त्वज्ञ थॉमस पोगे यांनी या बदललेल्या मापावर टीका केली, ती मला पटते. प्रमाण निरुपयोगी नाही. पण दोन्ही आकडे शेजारी ठेवल्याशिवाय ‘यश’ लिहू नका. शिवाय हा अल्पपोषणाचा उंबरठाच बैठ्या जीवनाला लागणाऱ्या उष्मांकांवर बेतलेला. डोक्यावरून विटा वाहणारी बाई त्यात पोटभर जेवलेली ठरू शकते.