‘फॅबिओला’ आणि कॅटकोममधील थडगी

कार्डिनल निकोलस वाइझमन यांची ‘फॅबिओला’ ही कादंबरी १८५४ साली प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी रोमच्या अप्पियन मार्गालगत, संत कॅलिस्टसच्या दफनभूमीत, जोव्हानी बात्तिस्ता दे रोस्सी या पुरातत्त्वज्ञाला तिसऱ्या शतकातील पोपांचे दालन गवसले. कादंबरीकाराने जे कल्पनेने उभे केले त्यालाच कुदळीने दुजोरा दिला, असे म्हणण्याचा मोह होतो. मला ते मान्य नाही.

वाइझमन यांचे कॅटकोम म्हणजे डायोक्लेशियनच्या छळकाळातील गुप्त आश्रयस्थान. दिव्यांचा मंद उजेड, मागावर असलेले हेर, दबक्या आवाजातील प्रार्थना. हे चित्र आपल्या प्रवचनांत अजून शाबूत आहे! वास्तविक त्या अरुंद बोळांत समुदाय मावणे कठीण. आणि जागाही गुप्त नव्हती. २५७ साली सम्राट व्हॅलेरियनने ख्रिस्ती लोकांना त्यांच्या दफनभूमीत जाण्यास मनाई केली. ठाऊकच नसलेल्या जागेला मनाई कोण करील? पुढच्याच वर्षी पोप दुसरे सिक्स्टस यांना दफनभूमीतच पकडून ठार करण्यात आले, हेही खरे. कादंबरीच्या चित्राला तेवढा आधार आहे. पण एका प्रसंगावरून शतकांचे जीवन रेखाटता येत नाही.

इतिहासाची चूक कादंबरीला क्षम्य असते. येथील उणीव वाङ्मयीन आहे. रक्तसाक्ष्यांच्या तेजाने दिपलेल्या या लेखकाला सामान्य मृत माणूस दिसत नाही. भिंतीतील कोनाडे मात्र त्यांचेच आहेत. मृताचे नाव, वय (कित्येकदा महिने आणि दिवसही मोजलेले) आणि ‘देपोझितिओ’ हा शब्द. त्याला आपल्या मराठीतील ‘ठेव’ हा शब्द चपखल बसतो: देह टाकलेला नाही, परत मिळावयाचा म्हणून सोपवलेला आहे. ज्यांच्या थडग्यावर लेख नाही, त्यांच्या आप्तांनी ओल्या चुन्यात नाणे वा काचेचा तुकडा दाबून खूण ठेवली. काही थडग्यांपाशी लावलेल्या काचेच्या कुप्यांतील तांबूस डाग पुढे रक्तसाक्ष्यांचे रक्त समजले गेले, आणि सतराव्या-अठराव्या शतकांत कितीतरी अनाम अस्थी हुतात्म्यांच्या म्हणून युरोपभरच्या चर्चमध्ये रवाना झाल्या. साध्या श्रद्धावंताला आपण वीर केले, आणि त्याची ओळख हिरावून घेतली.

वाइझमन यांना हे कळत नव्हते असे नाही. त्यांचा थडगी खोदणारा डायोजनीस, माझ्या मते कादंबरीतील सर्वांत जिवंत माणूस, एका खऱ्या थडग्यावरून घेतलेला आहे. डोमितिल्लाच्या दफनभूमीत त्याचे भित्तिचित्र होते: खांद्यावर कुदळ, हातात दिवा. अठराव्या शतकात ते भिंतीवरून सोडवू जाता नष्ट झाले. मागे रेखाटन उरले. त्यावरील लेखात छळाचा वा पराक्रमाचा शब्द नाही. त्याचे नाव आहे, खोदकाम हा त्याचा व्यवसाय आहे, आणि तो शांतीत ठेवला गेला ती २४ सप्टेंबर ही तिथी आहे. वर्ष दिलेले नाही.