लखनौच्या कथनसाहित्यातील अफूबाज

लखनौ हे नाव मराठी वाचकाच्या मनात ठुमरी, चिकनकाम, अदबशीर बोलणे आणि बुद्धिबळाच्या पटावर झुकलेले दोन नबाब अशा प्रतिमा घेऊन येते. त्यांच्या जोडीला पिनकेत डुलणारा एक अफूबाजही असतो. ही प्रतिमा इतिहासापेक्षा साहित्याने अधिक घडविली आहे. ती घडविताना साहित्याने काय पाहिले आणि काय पाहावयाचे टाळले, हा प्रश्न मात्र समीक्षेने क्वचितच विचारला. ‘नबाबी ऱ्हासाचे प्रतीक’ एवढे म्हणून अफूबाजाची वासलात लावण्याचीच रीत पडली.

या परंपरेचा मूळपुरुष म्हणजे पंडित रतननाथ सरशार यांच्या ‘फसाना-ए-आझाद’मधील खोजी. १८७८ साली सरशार मुन्शी नवलकिशोर यांच्या ‘अवध अखबार’चे संपादक झाले, त्याच पत्रातून ही प्रदीर्घ कथा क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली आणि १८८० मध्ये ग्रंथरूपाने आली. कथेचा नायक आझाद प्रेयसीच्या अटीखातर तुर्कस्तानात रशियाविरुद्ध लढावयास जातो. खोजी त्याचा सोबती. मूळचा तो एका नबाबाच्या पदरचा खुशमस्कऱ्या. देहाने ठेंगू, मनाने पहिलवान, आणि अफूची डबी हाच त्याचा खरा इष्टदेव. अपमान झाला की तो हाताशी नसलेल्या कट्यारीच्या नावाने गर्जना करतो आणि पुढच्याच क्षणी मार खातो. ‘डॉन किहोते’ सरशारांनी उर्दूत आणली होती, त्यामुळे या जोडीत सर्व्हान्तिसची छाया शोधली जाते. तथापि येथे स्वप्नाळूपणा स्वामीकडे नाही, सेवकाकडे आहे. आणि त्या स्वप्नांचा उगम ग्रंथांत नसून गोळीत आहे.

खोजीचे चित्रण निव्वळ उपहासाचे नाही, हे मान्य केले पाहिजे. अंमल उतरू लागताच होणारी तगमग, पुढच्या मात्रेची सतत लागलेली चिंता, फुशारकी आणि भय यांचा एकाच वाक्यात होणारा खेळ, हे सारे सरशारांनी जवळून पाहिलेल्या माणसाचे आहे. स्वतः सरशार मद्यासक्त होते. व्यसनी मनाचे वळण त्यांना बाहेरून शिकावे लागले नसावे. मात्र कथेची रचनाच अशी आहे की खोजीच्या तळमळीचा प्रत्येक क्षण हशाकडे वळविला जातो. वाचक त्याला विसरत नाही, पण त्याच्यासाठी थांबतही नाही. आझाद हा नव्या, इंग्रजी शिक्षणाने जागृत झालेल्या काळाचा प्रतिनिधी आणि खोजी हा बुडालेल्या दरबाराचा अवशेष, ही विभागणी एकदा झाली की अफू ही जुन्या लखनौची खाजगी दुर्बलता ठरते.

येथेच एक साधी वस्तुस्थिती समीक्षकांच्या नजरेतून निसटते. खोजी ज्या काळात अफू खातो त्या काळात ती नबाबाची नव्हती. अवध १८५६ मध्ये कंपनीच्या राज्यात विलीन झाले होते. लखनौच्या पूर्वेस, गंगेकाठी, गाझीपूर येथे १८२० पासून सरकारी अफू कारखाना चालू होता आणि बनारस एजन्सीच्या अखत्यारीत शेतकऱ्याला अगाऊ रक्कम देऊन, सरकारने ठरविलेल्या भावाने त्याचे पीक घेतले जाई. त्यातील फार मोठा भाग कलकत्त्याच्या लिलावातून चीनकडे जाई. देशी वापराची अफू परवान्याच्या दुकानांतून विकली जाई. १८५७ च्या कायद्याने लागवड आणि १८७८ च्या कायद्याने एकंदर व्यवहार सरकारने आपल्या मुठीत ठेवला. ज्या वर्षी दुसरा कायदा झाला त्याच वर्षी ‘फसाना’ छापली जाऊ लागली. म्हणजे खोजीच्या डबीत जी गोळी होती ती नव्या राजवटीच्या महसुलाची होती. आणि जुन्या जगाच्या अधःपाताचा पुरावा म्हणून वाचक हसत होता तो तिलाच.

सरकारची स्वतःची भूमिका याच्या अगदी उलट होती. १८९३ मध्ये नेमलेल्या रॉयल कमिशनने १८९५ मध्ये जो निष्कर्ष दिला त्याचा मथितार्थ असा, की हिंदुस्थानात अफूचे सेवन बहुतांशी माफक असून त्यावर बंदी घालण्याचे कारण नाही. हिवतापाच्या प्रदेशात लोक ती औषध म्हणून घेतात, ही बाजूही कमिशनपुढे आग्रहाने मांडली गेली. महसुलाच्या हितासाठी केलेल्या या युक्तिवादात एक सत्य होते, आणि ते विनोदी साहित्यात सापडत नाही. अफू वेदना शमविते, खोकला व हगवण थांबविते, भूक मारते. ज्याला वैद्य परवडत नाही आणि ज्याच्या पोटात अन्न नाही, त्याच्यासाठी ती चैन नसते. मुंबईच्या गिरण्यांत पाळीवर जाणाऱ्या स्त्रिया तान्ह्या मुलाला अफूची गोळी चाटवून घरी निजवून ठेवीत. त्यांना कोणी नबाबी संस्कृतीचे वारस म्हटले नाही.

या दृष्टीने प्रेमचंदांची ‘शतरंज के खिलाडी’ (१९२४) पुन्हा वाचण्यासारखी आहे. सरशारांच्या ग्रंथाचा ‘आझाद-कथा’ हा हिंदी संक्षेप प्रेमचंदांनीच केला, त्यामुळे खोजी त्यांच्या चांगल्या परिचयाचा होता. कथेच्या आरंभी वाजिदअली शाहच्या काळातील लखनौची विलासमग्नता सांगताना ते नाचगाणी, लाव्यांच्या झुंजी, बुद्धिबळ आणि अफूची पिनक अशी यादी देतात. त्याच ओघात भिक्षेकऱ्यांचा उल्लेख येतो: हाती पैसा आला तर हे लोक भाकरी घेण्याऐवजी अफू खातात किंवा मदक ओढतात. प्रेमचंदांना हे विलासाचे टोक वाटते. राजापासून रंकापर्यंत एकच नशा, असा त्यांचा आशय आहे. परंतु भुकेला माणूस अन्न सोडून अफू घेतो हे विलासाचे लक्षण कसे? ‘कफन’ लिहिणारे प्रेमचंद या प्रश्नाशी पुढे वेगळ्या वाटेने भिडले. त्या कथेतील बापलेक प्रेतवस्त्राचे पैसे दारूत उडवितात, आणि त्यांच्या निर्लज्जपणामागची समाजव्यवस्था लेखक दाखवून देतो. १९२४ च्या कथेत तो भिक्षेकरी एका वाक्यापुरता येतो आणि लेखणी मीर व मिर्झा यांच्या दिवाणखान्याकडे वळते. सत्यजित राय यांनी १९७७ च्या चित्रपटात रेसिडेंट औट्रमला पूर्ण उभे करून कथेची राजकीय बाजू भरून काढली. भिक्षेकऱ्याची जागा रिकामीच राहिली.

पीक, कारखाना आणि व्यसनी माणूस यांना एकाच चौकटीत आणण्याचे काम अमिताव घोष यांच्या ‘सी ऑफ पॉपीज’ (२००८) या इंग्रजी कादंबरीने केले. तिच्यातील दीतीचा नवरा गाझीपूरच्या कारखान्यात कामाला आहे. सैन्यात झालेल्या जखमेच्या वेदनेपायी तो अफूच्या आहारी गेला आहे. खोजीबद्दल जे कधी विचारले गेले नाही, ते घोष पहिल्याच प्रकरणांतून विचारतात. अर्थात त्यांना दीडशे वर्षांचे अंतर आणि दप्तरखान्यांची साथ होती. रोज मजकूर पुरविणाऱ्या संपादकाकडून तशी अपेक्षा करणे अन्यायाचे ठरेल.

मराठीत हे वळण कादंबरीने घेतले नाही, ते घेतले अनिल अवचट यांच्या ‘गर्द’ने. १९८० नंतरच्या दशकात ब्राउन शुगर शहरांत पसरली आणि ‘गर्दुल्ला’ हा शब्द मराठीत रूढ झाला. ‘अफीमची’प्रमाणेच तोही माणसाला त्याच्या व्यसनात बुडवून टाकणारा शब्द आहे, फरक इतकाच की जुन्या शब्दात हसू होते, नव्यात किळस आणि भीती. अवचटांच्या बोलीसदृश, लहान वाक्यांच्या गद्याने त्या शब्दाआडचा मुलगा, त्याची आई, त्याची नोकरी दाखविली. या लेखनातूनच पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने १९८६ मध्ये पुण्यात ‘मुक्तांगण’ उभे राहिले, डॉ. अनिता अवचट यांनी त्याला आकार दिला. तेथे व्यसनी माणसाला ‘रुग्णमित्र’ म्हणण्याचा प्रघात आहे. एखाद्या लेखनाचे मूल्य ठरविताना त्याचा परिणाम मोजू नये असे शास्त्र सांगते, पण ‘गर्द’च्या बाबतीत हे शास्त्र अपुरे पडते.

लखनौपुरते पाहावयाचे तर अफू तेथून गेलेली नाही. शेजारच्या बाराबंकी जिल्ह्यात परवान्याने खसखशीची शेती होते आणि गाझीपूरचा कारखाना आजही सरकारी आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीने अफूजन्य पदार्थांच्या सेवनामुळे मदतीची गरज असलेल्यांची देशातील संख्या सुमारे ७७ लाख सांगितली, आणि त्यांतील निम्म्याहून अधिक लोक ज्या मोजक्या राज्यांत आहेत त्यांत उत्तर प्रदेश व महाराष्ट्र दोन्ही आहेत. १९८५ च्या अंमली पदार्थविरोधी कायद्यात सेवन हा गुन्हा आहे. स्वेच्छेने उपचार घेणाऱ्याला खटल्यापासून संरक्षण देणारे कलमही त्याच कायद्यात आहे. सामान्य बोलण्यात मात्र अजून चंडूखान्यातल्या गप्पाच चालतात, आणि त्या बोलण्यातला अफूबाज बव्हंशी खोजीच असतो: डबी चाचपणारा, कट्यार मागणारा, कोणत्या दुकानातून गोळी आणली हे न विचारला गेलेला.