इंद्रायणीचा फेस आणि मराठी विज्ञानपत्रकारिता : एक चिकित्सा

मराठी विज्ञानलेखनाला दीर्घ परंपरा आहे. १९२८ मध्ये पुण्यात सुरू झालेले ‘सृष्टिज्ञान’ मासिक आणि १९६६ मध्ये स्थापन झालेली मराठी विज्ञान परिषद यांचे कार्य मोलाचे आहे. तथापि या परंपरेचा प्रवाह प्रामुख्याने तज्ज्ञाकडून वाचकाकडे असा एकेरी राहिला. दैनिकांनीही तोच साचा स्वीकारला. त्याच्या मर्यादा पिंपरी-चिंचवड व चाकण औद्योगिक पट्ट्यात विशेषत्वाने जाणवतात.

आळंदी येथे इंद्रायणीवर फेस आल्याची बातमी गेल्या काही वर्षांत वारंवार प्रसिद्ध झाली आहे. छायाचित्र, वारकऱ्यांचा संताप आणि प्रशासनाचे आश्वासन हा तिचा ठरलेला आराखडा होय. ‘रसायनमिश्रित पाणी’ एवढ्या शब्दांवर कारणमीमांसा बहुधा संपते. वस्तुतः साबण-पावडरींतील पृष्ठसक्रिय द्रव्ये पाण्याचा पृष्ठताण कमी करतात आणि बंधाऱ्यावरून पाणी कोसळताना फेस होतो. म्हणजेच कारखान्यांबरोबरच घरगुती सांडपाण्याचाही येथे विचार करावा लागतो. कोणाचा वाटा किती, हा मोजमापाचा प्रश्न आहे. याउलट, धातूंवर मुलामा देण्याच्या व्यवसायातील क्रोमियम वा निकेल अल्प प्रमाणात पाण्यात असल्यास डोळ्यांना दिसतही नाही. फेस ओसरला की बातमी संपते. प्रदूषण संपतेच असे नाही.

या वृत्तांतात वारकरी, शेतकरी, कामगार हे तक्रारदार म्हणून येतात, जाणकार म्हणून नव्हे. १९८६ च्या चेर्नोबिल दुर्घटनेनंतर इंग्लंडमधील कंब्रियाच्या मेंढीपालकांचा अभ्यास ब्रायन विन यांनी केला. स्थानिक अनुभवाची उपेक्षा झाल्याने तज्ज्ञांचे अंदाज चुकले आणि विश्वासही गमावला गेला, असे त्यातून दिसते. मुलामा विभागातील कामगाराला टाकीतील द्रावण केव्हा बदलते हे ठाऊक असते. काठच्या शेतकऱ्याला पाण्याचा रंग व वास केव्हा पालटतो हे ठाऊक असते. अर्थात प्रत्येक अनुभव हा पुरावा ठरत नाही. पण नमुना कोठे व केव्हा घ्यावा, हे त्यातूनच कळते.

येथे महाविद्यालयांची जबाबदारी सुरू होते. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन विंकलर पद्धतीने मोजणे पदवीच्या प्रयोगशाळेत शक्य आहे. अशा नियमित नोंदी पत्रकार, प्रदूषण नियंत्रण मंडळ, महापालिका, उद्योजक व नदीकाठचे रहिवासी यांच्यासमोर एकत्र मांडल्या गेल्या, तर बातमी आरोप-प्रत्यारोपांपलीकडे जाईल. आपल्या परिसरातील नदीविषयी अध्यापकवर्ग मौन पाळत असेल, तर विज्ञानपत्रकारितेच्या उथळपणाचा दोष एकट्या पत्रकारांवर टाकता येणार नाही.