आवडली, पण का?

सत्तावीस फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन जवळ आला की आमच्याकडच्या शाळा, महाविद्यालयं आणि वाचनालयांत ‘माझी आवडती कविता’ सुरू होते. एकेक जण उठतो, कविता म्हणतो, ‘ही मला फार भावते’ म्हणून खाली बसतो. टाळ्या पडतात. का भावते हे कोणी विचारत नाही. निदान वसमत तालुक्यातल्या कुरुंद्याच्या मुलखात तरी हे खपता कामा नये. या गावाचं नाव आडनावात वागवणाऱ्या समीक्षक नरहर कुरुंदकरांनी ‘रूपवेध’ आणि ‘पायवाट’मध्ये आवडीनिवडीला कारणं मागितली. १० फेब्रुवारी १९८२ला ते गेले आणि कारण मागणारं माणूसच उरलं नाही, असं वाटावं इतका हा मुलूख आता टाळ्यांवर समाधानी झाला आहे.

कुसुमाग्रजांची ‘कणा’ घ्या. अशा प्रत्येक कार्यक्रमात ती असतेच, आणि म्हणणाऱ्याचा सगळा जीव शेवटावर असतो. ताठ उभं राहा, हिंमत धरा. कविता संपली, बोधवाक्य उरलं. पण तिच्यातला पूर कुठे गेला? घरात शिरलेल्या नदीबद्दल सरांकडे आलेला तो जुना विद्यार्थी रागाचा एक शब्द काढत नाही, माहेरपणाच्या भाषेत बोलतो. काय गेलं, काय राहिलं याचा हिशेब मात्र चोख देतो. आणि सरांचा हात खिशाकडे जाताच हसत हसत उठतो. सगळी कविता त्या उठण्यात आहे. मदत नाकारणाऱ्याचा संकोच आणि आब एकाच हालचालीत दिसतात. जुलै २०२२मध्ये कुरुंद्यात घराघरांत पाणी शिरलं. भिजलेलं धान्य उन्हात पसरणाऱ्या आणि पंचनाम्याची वाट बघणाऱ्या माणसाला ही कविता धीर देते म्हणून मोठी नाही. त्याची अवस्था त्याला कमीपणा न आणता मांडता येते, हे ती दाखवते. कविता लागते ती यासाठी.

आजच्या मराठी कवितेत हे काम कोण करतंय? चारोळी नव्हे. गझलेचे मेळावे उदंड, पण शेर टाळीच्या बेतानं बांधलेले. महानगरी मुक्तछंद बराचसा एकमेकांसाठी लिहिला जातो. माझ्या मते जिवंत धारा जात्यापासून निघालेली आहे. गंगाखेडची जनाबाई दळता दळता देवाला हाताशी घेते; बहिणाबाईंनी घरोट्यावर रचलेलं मुलानं टिपून ठेवलं म्हणून १९५२मध्ये ते पुस्तक होऊ शकलं. आणि वसमत तालुक्यातल्या रिधोऱ्याचे इंद्रजित भालेराव. १९८९च्या ‘पीकपाणी’पासून त्यांनी बायकांच्या ओवीची चाल आणि परभणीकडची बोली घेतली, आणि तिच्यात कुणब्याच्या कष्टाचा ताळेबंद मांडला. त्यांना ‘ग्रामीण’च्या खणात टाकून समीक्षक मोकळे झाले, आणि श्रोते त्यांच्या कवितेवर डोळे पुसून मोकळे झाले. दोघांनीही त्या कवितेतला हिशेब वाचला नाही. पिकवणारा कोण, खाणारा कोण, भाव ठरवणारा कोण, हे ती विचारते. रडून त्याचं उत्तर देता येत नाही.

ओवी कशी चालते ते पाहा. दोन ओळींचा जीव. पहिली ओळ पुष्कळदा वापरातली, सगळ्यांच्या तोंडची. दुसरीत बाई आपलं घालते. भाऊ आला नाही, लेकीला दूर दिलं, सासऱ्यानं बोल लावला. खुंट्याला दुसरा हात लावणारी तीच पहिली ओळ उचलून आपलं दुःख जोडते, कधी पहिलीला उलट उत्तरही देते. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी अशा लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, आणि बाईचं नाव, गाव यांसकट नोंदवल्या. याउलट शिकलेली माणसं मोबाइलवर कविता पुढे ढकलताना खाली विंदा किंवा वपु असं वाटेल ते नाव चिकटवतात. ज्याला कवीचं नाव शोधायचे कष्ट नकोत, त्याची आवड मी गंभीरपणे का घ्यावी?

दोष एकट्या श्रोत्यांचा नाही. दहावीच्या रसग्रहणात आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्यं असे ठरीव कप्पे आहेत, आणि गाईडमधली वाक्यं त्यांत भरली की गुण मिळतात. ‘मला ही कविता पटली नाही, कारण...’ असं लिहिण्याची हिंमत त्या उत्तरपत्रिकेत कोण करील? सोळाव्या वर्षी ज्याला कवितेशी भांडू दिलं नाही, तो चाळिसाव्या वर्षी ‘भावते’ एवढंच म्हणणार.

यावर हमखास आक्षेप येतो, की चिरफाड केली की रस जातो, कविता अनुभवायची असते. मला हा युक्तिवाद आळसाचा वाटतो, आणि त्याहून वाईट म्हणजे तुच्छतेचा. सामान्य माणसाला कवितेबद्दल विचार करता येणार नाही, त्यानं फक्त गहिवरावं, असं त्यात गृहीत धरलेलं आहे. जात्यावरच्या निरक्षर बायका एकमेकींची ओवी अडवत होत्या, फिरवत होत्या, खोडून काढत होत्या. त्यांनी नुसत्या माना डोलावल्या असत्या तर लाख ओव्या झाल्याच नसत्या.