ओवी खरंच आपोआप सुचते का?

मंडळी, ग्रीकांच्या नऊ म्यूझ, म्हणजे कलांना स्फूर्ती देणाऱ्या देवता, आपण ऐकून असतो. त्यांची आई मात्र आपल्या लक्षात राहत नाही. तिचं नाव नेमोसिनी, म्हणजे स्मृती. स्फूर्ती ही आठवणीची लेक, असं ग्रीकांनी मानलं.

आपल्याकडे याच प्रश्नाचं उत्तर एका म्हणीत आहे: जात्यावर बसलं की ओवी सुचते. ज्ञानेश्वरांनी ग्रंथारंभी शारदेला वंदन केलं. दळणारी बाई खुंटा धरते, वैरण घालते, आणि शब्द येतात. स्फूर्ती इथे कामाच्या पाठोपाठ येते. जनाबाईच्या कथेत तर विठ्ठलच खुंट्याला हात लावतो!

हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी मुळशीच्या डोंगरगावांतून आणि पुढे महाराष्ट्रभरातून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. संख्या लाखाच्या वर गेली. त्या वाचताना आपल्याला दिसतं की जातंच देव आहे, आणि सासरी जे कुणाजवळ बोलता येत नाही ते ऐकून घेणारी सखीही तेच आहे.

पण या म्हणीत एक धोका आहे. 'सुचते' म्हटलं की रचणारी बाई गायब होते. आईकडून ऐकलेली ओळ घ्यायची, तिच्यात स्वतःचा भाऊ, स्वतःचं गाव, स्वतःचं दुःख बसवायचं, आणि ते जात्याच्या फेऱ्यात चपखल बसलं पाहिजे. हे कसब आहे. हेसिऑडला हेलिकॉन पर्वतावर म्यूझ भेटल्या, तरी त्यानं आपल्या काव्यात स्वतःचं नाव घातलं. जनाबाईनंही अभंगात नाममुद्रा ठेवली. दळणाऱ्या बायकांना मात्र आपल्या समीक्षेनं 'लोकगीत' या एका शब्दात गुंडाळलं.

म्हणून या संग्रहाचं मोठेपण केवळ आकड्यात नाही. तिथे ओवीसोबत गाणारीचं नाव आणि गाव नोंदलेलं आहे. 'पारी' या संकेतस्थळावर २०१७पासून या ओव्या आवाजासह येत आहेत.

गावोगावी पिठाची गिरणी आली, बायकांचे हात सुटले. ते चांगलंच झालं. जातं थांबलं तशी ओवीही थांबली. आता उरली आहे ती स्मृती, आणि ती सांभाळणं आपल्याकडे आलं आहे. तेव्हा यापुढे ओवी उद्धृत करताना आपण एवढं तरी करू या: जिची ओवी, तिचं नाव आधी घेऊ.