संगणकाच्या ‘पिढ्या’ : एका क्रमिक पाठाची चिकित्सा

महाविद्यालयातील संगणकाच्या प्रारंभिक अभ्यासक्रमास बहुधा इतिहासाच्या एका लहानशा प्रकरणाने आरंभ होतो. अ‍ॅबॅकस, पास्कालचे बेरीजयंत्र, बॅबेजचे अपुरे राहिलेले यंत्र अशी दोन-तीन पाने उलटली की एक कोष्टक येते. पहिली पिढी व्हॉल्व्हची, दुसरी ट्रान्झिस्टरची, तिसरी इंटिग्रेटेड सर्किटची, चौथी मायक्रोप्रोसेसरची आणि पाचवी कृत्रिम बुद्धिमत्तेची. विद्यार्थी ते पाठ करतो, उत्तरपत्रिकेत उतरवतो आणि विसरतो. या प्रकरणाकडे अध्यापकही उपचार म्हणूनच पाहतात. परंतु एखाद्या विद्येची पहिली ओळख ज्या कथेने होते, ती कथा त्या विद्येविषयीची विद्यार्थ्याची दृष्टी नकळत घडवीत असते. म्हणून या कोष्टकाची चिकित्सा अनाठायी ठरू नये.

प्रथम त्याच्या बाजूने जे म्हणता येईल ते म्हटले पाहिजे. कोष्टक खोटे नाही. १९४६ मध्ये पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाच्या मूर स्कूलमध्ये जाहीर झालेल्या एनिअ‍ॅक यंत्रात सुमारे १८,००० व्हॉल्व्ह होते आणि त्याचे वजन सुमारे ३० टन भरे. ट्रान्झिस्टरमुळे यंत्रांचा आकार, उष्णता आणि बिघाड कमी झाले, हेही निर्विवाद आहे. प्रश्न एवढाच की, सुट्या भागांचा हा इतिहास संगणकाचा इतिहास म्हणून चालेल काय?

तो चालत नाही, याचे पहिले कारण तर्कशास्त्रीय आहे. चांगले वर्गीकरण सदृश वस्तूंना एकत्र आणते आणि विसदृशांना वेगळे करते. हे वर्गीकरण नेमके उलट करते. १९४६ च्या एनिअ‍ॅकला नवे गणित सांगावयाचे म्हणजे तारांची जोडणी बदलावी लागे आणि असंख्य कळी फिरवाव्या लागत. त्यात दिवसच्या दिवस जात. ६ मे १९४९ रोजी केंब्रिजमध्ये चालू झालेल्या एडसॅकमध्ये आज्ञा आणि आकडे एकाच स्मृतीत साठविले जात. गणित बदलावयाचे तर कागदी पट्टी बदलली की पुरे. संगणकाच्या इतिहासातील सर्वांत मोठे स्थित्यंतर हेच. पण दोन्ही यंत्रे व्हॉल्व्हची, म्हणून कोष्टकात ती एकाच ओळीत बसतात आणि स्थित्यंतर अदृश्य होते. उलटपक्षी, आयबीएमचे ७०९० हे यंत्र म्हणजे त्याच कंपनीच्या ७०९ या व्हॉल्व्हयंत्राची ट्रान्झिस्टरवर बेतलेली आवृत्ती. दोहोंची रचना मूलतः एकच. तरी कोष्टक त्यांच्यामध्ये पिढीची भिंत उभी करते.

दुसरे कारण ‘पिढी’ या शब्दातच दडलेले आहे. पिढी म्हटली की वंश आला, वारसा आला. वस्तुतः आरंभीच्या यंत्रांत असा सरळ वंशवृक्ष सापडत नाही. कोनराड त्सुझ यांनी १९४१ मध्ये बर्लिन येथे झेड-३ हे रिलेयंत्र चालवून दाखविले. ते १९४३ मध्ये बॉम्बहल्ल्यात नष्ट झाले. टॉमी फ्लॉवर्स यांचे कोलोसस १९४४ पासून ब्लेचली पार्कमध्ये जर्मन संदेशांची उकल करण्याच्या कामी होते, आणि १९७० च्या दशकापर्यंत ते गुप्तच राहिले. १९७३ मध्ये अमेरिकेतील एका न्यायालयाने एनिअ‍ॅकचे पेटंट रद्द ठरविताना आयोवातील अ‍ॅटानासॉफ यांच्या आधीच्या कामाचे ऋण ग्राह्य धरले. साठविलेल्या आज्ञांची कल्पना विशद करणारा १९४५ चा प्रसिद्ध मसुदा एकट्या फॉन नॉयमन यांच्या नावाने फिरला. एकर्ट आणि मॉक्ली यांच्यासह झालेल्या चर्चांतून तो आकारास आला होता. युद्ध, गुप्तता, श्रेयाचे वाद आणि योगायोग यांनी विणलेल्या या कथेला ‘पिढी’ हा शब्द खोटी सुबकता देतो. अशा स्थितीत ‘पहिला संगणक कोणता?’ या परीक्षेतील आवडत्या प्रश्नाचे उत्तर एक नाव असू शकत नाही. ‘संगणक कशास म्हणावे?’ हा प्रतिप्रश्नच त्याचे प्रामाणिक उत्तर होय.

तिसरे कारण अधिक गंभीर आहे. या कोष्टकात माणसे नाहीत. इंग्रजीत ‘कॉम्प्युटर’ हे मुळात माणसाच्या कामाचे नाव होते. मूर स्कूलमध्ये तोफगोळ्यांच्या मार्गाची कोष्टके हाताने करणाऱ्या स्त्रियांना हेच नाव होते. लेखक, वाचक, गायक यांच्याच घडणीचा आपला ‘संगणक’ हा शब्दही कर्तृवाचकच आहे, याचे भान आपल्या क्रमिक पुस्तकांस राहिलेले नाही. त्या स्त्रियांपैकी सहा जणींनी, म्हणजे कॅथलीन मॅकनल्टी, बेटी जीन जेनिंग्ज, बेटी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, फ्रान्सिस बायलस आणि रूथ लिक्टरमन यांनी, केवळ आराखड्यांवरून एनिअ‍ॅक समजून घेऊन त्यास गणिते सांगितली. व्हॉल्व्हची संख्या विद्यार्थ्यास ठाऊक असते. या सहा नावांपैकी एकही ठाऊक नसते.

याच दृष्टिदोषामुळे आपल्या घरचा इतिहासही झाकला जातो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखालील गटाने बांधलेले यंत्र १९६० मध्ये कार्यान्वित झाले; १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्यास ‘टिफ्रॅक’ हे नाव दिले. त्यात व्हॉल्व्ह होते, म्हणून ते ‘पहिल्या पिढीचे’, आणि ट्रान्झिस्टर आल्यानंतरचे, म्हणून ‘मागासलेले’. कोष्टकाचा निवाडा येथे संपतो. पण त्याच यंत्रात ४० बिटांचे २,०४८ शब्द सामावणारी फेराइट गाभ्याची स्मृती होती, जी कोष्टकानुसार पुढच्या पिढीचे लक्षण. त्याहून महत्त्वाचे हे की, ज्यांनी तत्पूर्वी असे यंत्र बांधले नव्हते, अशा तरुणांनी ते बांधले आणि बांधता बांधता ती विद्या आत्मसात केली. ही शिकण्याची कथा आहे. नेमकी तीच विद्यार्थ्यास सांगितली जात नाही.

पाचव्या पिढीविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. १९८२ मध्ये जपानने हाती घेतलेल्या प्रकल्पाने तो शब्द रूढ केला. प्रकल्प विसाव्या शतकातच आटोपला. क्रमिक पुस्तकांत मात्र तो भविष्यकाळ म्हणून राहून गेला.

यावर एक रास्त आक्षेप येईल. प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यास प्रोग्राम लिहावयास शिकवायचे आहे. एवढा इतिहास शिकविण्यास वेळ कोठे? याचे उत्तर असे की, इतिहास अधिक नको, निराळा हवा. पंधरा यंत्रांच्या यादीऐवजी एकच प्रसंग घ्यावा. २१ जून १९४८ रोजी मँचेस्टर येथे ३२ शब्दांची स्मृती असलेल्या एका छोट्या प्रायोगिक यंत्राने टॉम किलबर्न यांचा १७ आज्ञांचा प्रोग्राम चालविला. २ च्या अठराव्या घाताचा, म्हणजे २,६२,१४४ चा, ती संख्या स्वतः सोडून सर्वांत मोठा विभाजक शोधणे हे काम होते. यंत्रास भागाकार येत नव्हता; केवळ वजाबाकी येत होती. म्हणून वारंवार वजाबाकी करीत ते ५२ मिनिटे राबले आणि १,३१,०७२ हे उत्तर मिळाले. विद्यार्थ्यास सांगावे की, याच अटींवर तू हा प्रोग्राम लिही. साठविलेली आज्ञा म्हणजे काय, पुनरावृत्ती म्हणजे काय आणि साधनांच्या दारिद्र्यात बुद्धी कशी चालते, हे तो एका बैठकीत शिकेल. पुढे आपला प्रोग्राम चुकला की एडसॅकचे निर्माते मॉरिस विल्क्स यांची आठवणही त्यास सांगता येईल. उरलेल्या आयुष्याचा बराच भाग आपल्याच प्रोग्राममधील चुका शोधण्यात जाणार आहे, ही जाणीव त्यांना १९४९ मध्येच झाली होती.

यंत्रे आपोआप लहान आणि वेगवान होत जातात आणि माणसाने केवळ पुढच्या पिढीची वाट पाहावी, ही कोष्टकाची अनुच्चारित शिकवण आहे. ती ग्राहक घडविते, अभ्यासक घडवीत नाही. विद्यापीठाच्या वर्गात पहिल्याच आठवड्यात ती दिली जावी काय, याचा विचार अभ्यासमंडळांनी नव्हे, तर प्रथम वर्गात उभ्या राहणाऱ्या अध्यापकाने करावयाचा आहे. कारण कोणते पान वाचून दाखवावे आणि कोणते उलटून पुढे जावे, हे अखेर त्याच्याच हाती असते.