शासनाचे क्लाऊड धोरण : सुरक्षितता आणि खासगीपणा

महाराष्ट्र शासनाने जानेवारी २०१८ मध्ये सार्वजनिक क्लाऊड धोरण जाहीर केले. शासकीय माहिती खासगी कंपन्यांच्या क्लाऊडवर ठेवण्यास त्यातून चालना मिळाली; मात्र ती भारतातच साठवावी, अशी अट होती. धोरणाची मर्यादा येथेच दिसते. माहितीचे स्थान ठरले, तरी तिच्यावरील नागरिकाचा हक्क ठरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. तथापि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे कलम १७ केंद्राला शासकीय यंत्रणांना सूट देण्याचा अधिकार देते. नाशिकच्या महाविद्यालयातील विद्यार्थी शिष्यवृत्तीच्या अर्जात जात, उत्पन्न, आधार क्रमांक नोंदवतो. ती माहिती कोणी पाहिली, हे विचारण्याचा अधिकार त्याला मिळत नाही तोवर हे धोरण अपुरेच म्हणावे लागेल.